एकाच नावाचे दोन श्रावण

नातवंडांनो, मागच्या रविवारी तुमच्यातल्या थोरलीने फोनवर आत्याला विचारलं, की तुमच्या प्रोग्रामच्या आवृत्त्यांना ‘बारी-एक’, ‘बारी-दोन’ अशी नावं का असतात, सगळं जग ठेवतं तसे टिंबांचे आकडे का नसतात? थोरली आता तिकडे परदेशात नोकरीला लागली आहे, आणि आवृत्त्यांची नावं कशी ठेवायची हे ठरवण्याचंच काम तिच्याकडे आलं आहे. आत्या हसली आणि म्हणाली, “ते आजीला विचार.” मी फोनवर काही सांगितलं नाही. फोनवर तुम्ही मध्येच ‘ओके, ओके’ म्हणता, आणि तुम्हाला समजलं की कंटाळा आला, हे मला कळत नाही. म्हणून लिहिते आहे. आणखी एक कारण आहे. यंदा पुन्हा अधिक महिना आहे, आमच्याकडे ज्याला धोंड्याचा महिना म्हणतात तो. तो आला की मी आत्याच्या खोलीत जरा जास्त वेळा डोकावते.

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, तरी हे मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वाचायला वेळ लागेल. लागू द्या.

तुमची आत्या पुण्याची नोकरी सोडून कारंज्याला परत आली, तेव्हाची ही गोष्ट. समोरच्या खोलीत मी पूर्वी शिकवण्या घ्यायची. तिथे तिने दोन टेबलं टाकली. एक तिचं, दुसरं तिच्या भागीदाराचं. भागीदार माझाच विद्यार्थी, इथून जवळच्या कॅनालवरच्या एका गावचा, अमरावतीला इंजिनिअर होऊन आलेला. आत्या प्रोग्राम लिहायची आणि तो गावोगाव जाऊन बसवून द्यायचा. पुढे तोही लिहू लागला. लोकांच्या मोबाईलवर जाणारे मेसेज आधी माझ्याकडे यायचे. त्यातली भाषा मी तपासायची, कारण दोघांचंही मराठी तसं घाईचं होतं.

त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे त्याच कॅनालवरची पाणी वापर संस्था. हिवाळ्यात हरभऱ्या-गव्हासाठी धरणातून कॅनालला पाणी सुटतं. धरणाजवळची शेतं हेडची आणि कॅनाल संपतो तिथली टेलची, असं सगळे म्हणतात. पाणी आधी हेडला पोचतं, आणि हेडवाला एकदा घेऊ लागला की गेट बंद करत नाही. टेलपर्यंत जाते ती नुसती ओल. म्हणून संस्थेचा नियम असा, की पाण्याची बारी, म्हणजे पाळी, टेलकडून सुरू करायची आणि वर वर यायचं. नियम कागदावर होता. प्रत्यक्षात कोणाचं गेट कधी उघडायचं, हे संस्थेच्या ओट्यावर बसून ठरायचं, आणि ओट्यावर कोण बसायचं ते तुम्ही समजू शकता. प्रोग्रामने एवढंच करायचं होतं: नियमाप्रमाणे बारी लावायची आणि ज्याच्या-त्याच्या मोबाईलवर कळवायची. मध्ये माणसाचा हात नाही. त्या प्रोग्रामची सगळी किंमत या ‘हात नाही’ मध्येच होती.

थोरलीला माहीत आहे, पण धाकट्यासाठी सांगते. प्रोग्राम रोज बदलत असतो. कालचा, परवाचा, सगळेच आत साठवून ठेवलेले असतात. त्यातला जो गिऱ्हाइकाला द्यायचा, त्याला एक नावाची चिठ्ठी बांधतात. त्याला टॅग म्हणतात. फडताळात लोणच्याच्या बऱ्याच बरण्या असतात आणि चिठ्ठीवरून आपण ओळखतो, तसंच. चिठ्ठी बरणीला चिकटलेली असते, पण कोणी ती काढून दुसऱ्या बरणीला लावली, तर बरणी काही ओरडत नाही.

नावं कशी ठेवायची, हे आमच्या जेवणाच्या टेबलावर ठरलं. मी टिंबांच्या आकड्यांच्या बाजूची होते. आत्याने मला ती पद्धत समजावली होती: पहिला आकडा मोठ्या बदलाचा, दुसरा लहान बदलाचा, तिसरा दुरुस्तीचा. मला ती आवडली. पुस्तक, धडा, स्वाध्याय, अशी मांडणी डोळ्यांपुढे येते.

भागीदार म्हणाला, “मॅडम, टिंबाटिंबाचे तीन आकडे गावात सांगतले, त लोक इचारतीन, आज काय लागला?”

आत्याच्या तोंडातलं पाणी सांडलं. सट्ट्याच्या आकड्यांशी माझी ओळख नव्हती. ती नंतर करून देण्यात आली.

“मग तू काय म्हणतोस?” मी विचारलं.

“महिना. माहा बाप तारीख सांगत नाई. आखाडीच्या आधी, पोळ्याच्या मागून, असंच सांगते. आपला प्रोग्राम ज्या महिन्यात निंगाला, त्या महिन्याचं नाव द्या. म्हाताऱ्यालेबी आठवन राह्यते.”

“आणि पुढच्या वर्षी तोच महिना आला म्हणजे?”

“मागं साल लावू न, मॅडम.”

आत्याला ते फार पसंत पडलं. पुण्यात असं कोणी करत नाही, म्हणाली. माझं मात्र समाधान झालं नव्हतं. आकड्यांमध्ये आधीचा कोण आणि नंतरचा कोण हे आपोआप कळतं. नावात कळत नाही. मी तसं म्हटलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ, मॅडम अजून पेपर तपासताहेत.

त्या वर्षी श्रावण दोन आले. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा आखूड, म्हणून दर काही वर्षांनी पंचांगात एक महिना वाढवून मेळ घालतात. वाढीव महिन्याला स्वतःचं नाव नसतं. पुढे येणाऱ्या महिन्याचंच नाव तो घेतो. आधी अधिक श्रावण, मग खरा, म्हणजे निज श्रावण. अधिकात लग्न नाही, वास्तू नाही, नवीन कामाचा नारळ नाही. जावयांची तेवढी चंगळ असते, पुरणाचे धोंडे खातात आणि ताट-वाटी घेऊन जातात.

आत्याचा प्रोग्राम अधिक श्रावणात पुरा झाला. तिने त्याला श्रावणाची चिठ्ठी बांधली, मागे साल लावलं आणि संस्थेच्या सभेत तो भिंतीवर दाखवला. मी मागे खुर्चीवर होते. टेलची गावं आधी, हेड शेवटी, हे सगळ्यांनी पाहिलं. टेलची माणसं सहसा सभेला येत नाहीत. त्या दिवशी आली होती. ठराव झाला, की ‘श्रावण’ नावाचा प्रोग्राम संस्थेने स्वीकारला. मग अध्यक्ष उठले. पिकलेल्या मिशांचे, सावकाश बोलणारे गृहस्थ.

“पास झालं म्हंजे झालं. पन कॉम्प्युटरात बसवाचं धोंडा गेल्यावर. धोंड्यात नव्या कामाले हात नाई लावत.”

कोणी हसलं नाही. आत्याही ‘बरं’ म्हणाली. कॅनालला पाणी यायला अजून महिने होते, घाई कुणालाच नव्हती.

निज श्रावण लागला तेव्हा आत्या तुमच्याकडे आली होती, तिकडच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत. तुम्ही तिला तलावावर नेऊन उन्हाने लाल करून पाठवलं होतं. इकडे भागीदाराने संस्थेच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम बसवला, नारळ फोडला आणि मला फोटो पाठवला. आत्या परत आल्यावर तिने विचारलं, “कोणता टाकलास?” तो म्हणाला, “श्रावण.” बरोबर होतं.

थंडी पडली, कॅनालला पाणी सुटलं, आणि एका दुपारी टेलच्या शेवटच्या गावातली एक शेतकरीण एसटीने कारंज्याला येऊन आमच्या दारात उभी राहिली. चाळिशीची बाई, पायात नवऱ्याचे बूट. सभेत पहिल्या रांगेत बसली होती, म्हणून मी ओळखलं. घरातली शेती तीच पाहते. नवरा ट्रकवर असतो. आम्ही पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही.

“पानी कॅनालात पाह्यजे, मास्तरीनबाई. गिलासात नाई.”

तिने मोबाईल पुढे केला. मेसेज मीच तपासलेल्या भाषेत होता. तिची बारी सगळ्यात शेवटी लागली होती. हरभरा फुलावर यायच्या आत एक पाणी लागतं. तिच्या बारीपर्यंत फुलं येऊन जाणार होती, आणि तेव्हाही पाणी तिथवर पोचेलच असं नव्हतं.

आत्या म्हणाली, “मावशी, असं होऊच शकत नाही. श्रावण टेलकडूनच सुरू होतो. हे बघा.” तिने आपला लॅपटॉप उघडला. श्रावण नावाची आवृत्ती लावली. टेलचं गाव पहिलं. बाईचं नाव सगळ्यात वर.

शेतकरणीने वाकून पाहिलं, मग आत्याकडे पाहिलं.

“तुह्या कॉम्प्युटरात मी पयली. संस्थेच्या कॉम्प्युटरात मी शेवटली. दोघाचंबी नाव श्रावण. मंग पोरी, खोटं कोन हाय? तू, का तो डब्बा?”

“मी बघते, मावशी.”

“सभेत दाखवलं एक अन् बसवलं दुसरं. लग्नात पोरगी बदलवतेत, तसं. आमाले काय, कॉम्प्युटर समजत नाई म्हून दाखोलं का?” ती माझ्याकडे वळली. “काहून हो मास्तरीनबाई, तुमी बसल्या होत्या न मागं?”

मी बसले होते. ते खरं होतं.

तिने जाताना सांगितलं, की टेलच्या सगळ्या गावांनी सभा मागितली आहे. प्रोग्राम बंद करून पुन्हा ओट्यावर बारी लावायची, असा ठराव आणणार. “ओट्यावरचा चोर तरी तोंडानं दिसते,” असं म्हणून ती बस धरायला गेली.

आत्या तिथेच बसून राहिली. तिला पुण्याच्या जुन्या कंपनीकडून बोलावणं येत होतं, हे मला ठाऊक होतं. ते ती टाळत होती. आता म्हणाली, “आई, यांनी जर हे काढून टाकलं ना, तर या जिल्ह्यात मला दुसरी कोणती संस्था दारात उभं करणार नाही. मग मी इथे राहून काय करू?” ती गेली असती तर मी या घरात एकटी उरले असते. तेव्हा पुढच्या दिवसांत मी जे काही पाहिलं, ते अगदी तटस्थ माणसाने पाहिलेलं नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

पहिला संशय मी आत्यावरच घेतला. शाळेतली सवय. दोन पेपर वेगळे निघाले, की आधी आपल्या आवडत्या विद्यार्थ्याकडे पाहायचं, कारण तिथेच आपण कमी पाहिलेलं असतं. “तू मध्येच काही बदललं होतंस का? तिकडून, सुट्टीत?” मी विचारलं. ती इतकी चिडली, की मी तिला सोडून दिलं. मग ती सर्व्हरवर गेली, म्हणजे जिथे दोघांचं काम एकत्र साठतं तिथे. सर्व्हरवरचा श्रावण वेगळा होता. चिठ्ठी तीच होती, पण दुसऱ्या बरणीला लागलेली. तिच्या लॅपटॉपवर जुनी चिठ्ठी आधीपासून होती, म्हणून बदललेली चिठ्ठी तिच्याकडे आलीच नाही, आणि यंत्राने तसं काही कळवलंही नाही. महिनोन्महिने एकाच नावाच्या दोन वस्तू दोन घरी नांदत होत्या.

दोन्हींत फरक एकाच ठिकाणचा. बारी कुठून सुरू करायची, तेवढंच.

भागीदाराला फोन केला. तो आला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. चहा टाकला होता, पण तो उकळतो आहे की नाही हे मी पाहत नव्हते.

“ताई, श्रावणच टाकला न मी,” तो म्हणाला.

“कोणता श्रावण?”

“श्रावन म्हंजे श्रावन. निज.”

“आणि मी बांधलेला?”

“तो धोंड्यातला होता.” त्याने हे असं सांगितलं, की जणू यापुढे काही सांगायचं उरतच नाही. मग त्याने सांगितलं ते असं. निज श्रावणाच्या सुरुवातीला टेलची दोन गेटं दुरुस्तीला काढली होती. कोरडी, म्हणजे पाण्याविना, चाचणी घ्यायची होती, म्हणून त्याने बारी तात्पुरती हेडकडून सुरू केली. चाचणी झाली. ती परत टेलकडून करायचं राहून गेलं. मग त्यालाच चिठ्ठी बांधायला गेला, तर यंत्र म्हणालं, या नावाची चिठ्ठी आधीच आहे.

“मंग?”

“मंग मी म्हटलं, धोंड्यातलं कोन धरते? ते त दाखवाचं होतं. खरा श्रावन त हा. जबरदस्तीनं टाकला.”

“यंत्राने तुला विचारलं होतं,” आत्या म्हणाली. “नाही म्हणालं होतं ते. तू जबरदस्ती केलीस.”

“ताई, तुमी तरी धोंड्यात बांधला काहून?”

मला आठवलं, की सभेत सगळ्यांबरोबर तीही ‘बरं’ म्हणाली होती. नवीन काम अधिकात सुरू करायचं नाही, हे सगळ्यांनी मान्य केलं. पण मग अधिकात बांधलेली चिठ्ठी खरी की खोटी, हे कोणीच ठरवलं नव्हतं. बारशाला नाव ठेवावं आणि मग म्हणावं, की बारसं पुढच्या महिन्यात आहे, तसा प्रकार.

त्याचं सांगणं पटण्यासारखं होतं. मी त्यातला प्रत्येक दुवा तपासला. गेटं खरंच दुरुस्तीला होती. संस्थेच्या चौकीदाराने सांगितलं. चाचणीही झाली होती. सगळं जुळलं, आणि अगदी जुळल्यामुळेच मला ते खटकलं. कारण त्याच्या मामाचं शेत हेडला होतं. धरणातून निघालं की तिसरं गेट. त्या हिवाळ्यात मामाचा गहू कॅनालवर सगळ्यात आधी भिजला होता. हे मला भाजीबाजारात कळलं, आणि ज्या तोंडून कळलं त्या तोंडावरही माझा फार विश्वास नव्हता.

मी ते आत्याला सांगितलं. ती म्हणाली, “आई, कॅनालवर अर्ध्या लोकांचे मामा आहेत.”

सभा संस्थेच्या पटांगणात झाली. लोक दोन बाजूंना बसले होते; कोणी बसवलं नव्हतं, आपोआपच हेड इकडे आणि टेल तिकडे. आत्याने काही लपवलं नाही. दोन्ही श्रावण भिंतीवर शेजारी शेजारी लावले, काय झालं ते सांगितलं, आणि घोळ सापडला त्या दिवसापासूनच बारी टेलकडून फिरवल्याचं सांगितलं. भागीदाराने उठून चूक झाल्याचं मान्य केलं. एवढ्यावर भागेल असं तिला वाटलं असावं.

टेलची शेतकरीण उठली. “चूक झाली, ठीक. माणसाची होते. पन आता जे लावलं ते तेच हाय, हे मी कशावून समजू? तू म्हन्तं म्हून?”

“नाव बदलू,” अध्यक्ष म्हणाले. “देवाचं नाव देऊ. देवाच्या नावानं कोन खोटं करते?”

“अध्यक्षसाहेब, देवाच्या नावाच्या सोसायट्या पाह्यल्या आमी,” मागून कोणीतरी म्हणालं आणि हेड-टेल दोन्ही बाजू हसल्या. त्या सभेत दोघं एकत्र हसले ते तेवढंच.

पिकांची नावं सुचली. गावांची सुचली, त्यावर कोणाचं गाव आधी, म्हणून भांडण लागलं. मी धीर करून टिंबांचे आकडे मांडले. अपेक्षेप्रमाणे एक म्हातारा म्हणाला, “ओपन का क्लोज, मास्तरीनबाई?” मी बसले.

शेवटी आत्याने फळ्यावर लिहिलं: बारी-एक. मग म्हणाली, “यानंतर दोन. मग तीन. महिना नाही, साल नाही, काही अर्थ नाही. आकडा पुढेच जाईल, मागे येणार नाही. एखादी आवृत्ती चुकली, तर तिचा आकडा तिच्याजवळच राहील आणि सुधारलेलीला पुढचा मिळेल. एकदा बांधलेली चिठ्ठी मी काढणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला काढताही येणार नाही. सर्व्हरवर तसं कुलूप लावते.”

“कुलपाची किल्ली कोनापाशी?” शेतकरीण म्हणाली.

“माझ्यापाशी.”

“मंग?”

मला त्या बाईचा राग यायला हवा होता, पण आला नाही. तिच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

मग आत्याने नावांपलीकडची गोष्ट सांगितली. प्रत्येक आवृत्तीचा एक ठसा असतो. तो माणूस ठेवत नाही, आतल्या मजकुरावरून यंत्र काढतं. आत एक अक्षर बदललं तरी ठसा वेगळाच येतो. तिने दोन श्रावणांचे ठसे भिंतीवर काढून दाखवले. नाव एक, पण ठशांचं पहिलं अक्षरसुद्धा जुळत नव्हतं. पटांगणात थोडी चुळबुळ झाली. सगळ्यांना ते समजलं असं मी म्हणणार नाही, पण वेगळं आहे हे दिसत होतं.

“हा ठसा मंग मेसेजात काहून नाई?” शेतकरीण म्हणाली.

ठसा मेसेजात नव्हता, कारण कोणी मागितला नव्हता. आणि मीच मेसेज आखूड करून दिले होते.

मग ठरलं ते असं. चिठ्ठी बांधताना हेडचा एक आणि टेलचा एक, असे दोघं आत्याच्या शेजारी बसतील. बारी कुठून सुरू होते, ते दोघं आधी पडद्यावर पाहतील. नाव आणि ठशाची पहिली काही अक्षरं संस्थेच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहायची, आणि प्रत्येक मेसेजच्या शेवटी तीच अक्षरं यायची. भिंतीवरचं आणि मोबाईलवरचं जुळलं नाही, तर गेट उघडायचं नाही. अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. हेडचे हात लगेच वर गेले, त्याने मला पुन्हा संशय आला. टेलवाले शेतकरणीकडे पाहत होते. ती बूट घालत होती. एक घालून झाल्यावर तिने हात वर केला.

तिच्या हरभऱ्याला पाणी मिळालं, उशिरा पण मिळालं. पीक बरं झालं की कमी, हे तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

परतताना भागीदार आम्हाला घराच्या फाटकापर्यंत सोडायला आला. आत्या आत गेली. तो उभाच राहिला.

“मॅडम, तुमाले काय वाट्टे? मी मुद्दाम केलं?”

मी म्हटलं, “तू सांगितलंस ते मी ऐकलं.”

“शाळेतबी तुमी माहा पेपर दोनदा पाहत होत्या.” तो हसत होता, पण पूर्ण नाही. “अन् मार्क तेवढेच देत होत्या.”

“मग तुझं काय म्हणणं आहे?”

“काई नाई.” त्याने मोटरसायकल सुरू केली. “चहा उकळून गेला होता त्या दिवशी. मी आतून पाह्यलं. तुमी दारात उभ्या होत्या.”

काही दिवसांनी तो दुसरीकडे काम बघतो म्हणाला. भांडण झालं नाही. त्याने आपलं टेबल नेलं नाही. ते अजून समोरच्या खोलीत आहे आणि त्यावर आत्याची रद्दी असते. आत्या म्हणते, तो खरं बोलत होता. धोंडा धरायचा नसतो, ही गोष्ट त्याच्या हाडात होती, आणि त्याचा हात त्याच हाडाने चालवला. मला तेही पटतं. मामाचा गहू आधी भिजला, तेही मला पटतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि तसं असेल तर त्याला स्वतःला तरी कळलं असेल का, कोणास ठाऊक. मी यावर बराच विचार केला आहे आणि पुढे गेलेले नाही.

थोरले, तुला तिकडे नावं ठरवायची आहेत. तुम्ही टिंबांचे आकडे ठेवाल, त्याला माझी हरकत नाही, मला ते आवडतातच. फक्त एकदा बांधलेलं नाव तुमच्यातलं कोण हलवू शकतं, ते विचारून ठेव. ‘कोणीच नाही’ असं उत्तर आलं, तर पुन्हा विचार.

आता इथे काय उरलं आहे ते लिहिते आणि थांबते. संस्था चालू आहे आणि बारी टेलकडून लागते. भिंतीवर बारी-एकपासूनच्या सगळ्या ओळी आहेत. चुकलेल्याही पुसलेल्या नाहीत. टेलकडून चिठ्ठी बांधताना बसायला तीच शेतकरीण येते, आणि आता आमच्याकडे पाणी पिते. दोन्ही श्रावण सर्व्हरवर ठेवलेले आहेत, अधिक वेगळा आणि निज वेगळा. तुमची आत्या कारंज्यातच आहे. माझा संशयही आहे, पूर्वीपेक्षा कमी नाही.